सुटलेली मेहनत पुन्हा धरताना



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही प्रथम त्यांना विचारले, "पत्ता चुकला तर नाही ना?" या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, वकील येतात, संतवाङ्मयाचे अभ्यासक येतात. आमची शाळा नवव्या इयत्तेत सुटली. त्यापुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि बाजाराच्या फाटकावर. चालक म्हणाले, "आम्हाला तुमचे चळवळीतले अनुभव हवेत." आम्ही म्हटले, चळवळीवर बोलणारे पुष्कळ आहेत, आम्ही स्नायूंवर बोलतो. ते जरा गोंधळले. पण भले लोक आहेत, नाही म्हणाले नाहीत.

तेव्हा आजचा विषय असा. पूर्वी वजन उचलणारा माणूस मध्ये खंड पडल्यावर पुन्हा वजनाला हात घालतो, तेव्हा त्याच्या पायात गोळे का येतात, कमरेत उसण का भरते आणि हे टाळावे कसे. विषय व्यायामशाळेचा दिसतो. परंतु या नागपुरात हौसेने वजन उचलणारे आहेत, तसे पोटासाठी उचलणारेही आहेत. एकाचे वजन लोखंडाचे, दुसऱ्याचे तुरीचे किंवा धानाचे. दोघांचे स्नायू मात्र एकाच जातीचे आहेत. म्हणून आम्ही आधी व्यायामशाळेत जाणार आहोत आणि शेवटी बाजारात येणार आहोत.

प्रथम आमची स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे पुढचा उपदेश कोणाला बोचणार नाही. तरुणपणी आम्ही वस्तीतल्या आखाड्यात मेहनत करीत होतो. जोर, बैठका, मुद्गलांची जोडी, दगडी नाल. पुढे कोणी लोखंडी वजने आणली तेव्हा तीही. पंचविसाव्या वर्षी १०० किलो जमिनीवरून उचलून आम्ही सरळ उभे राहत असू. मग युनियन आली. सभा, मोर्चे, कोर्टाच्या तारखा, रात्रीची जागरणे आणि सकाळचे तर्रीपोहे. मेहनत सुटली ती २७ वर्षे सुटली. चार वर्षांपूर्वी, वयाच्या ५२ व्या वर्षी, आम्ही युनियनच्या हॉलमध्ये हमालांच्या पोरांसाठी जुनी वजने आणून ठेवली. पहिल्याच संध्याकाळी एक पोरगा म्हणाला, "भाऊ, तुम्ही शंभर किलो उचलत होते म्हणतात, खरं काय जी?" एवढे पुरे झाले. आम्ही बाह्या सारल्या. शंभर नाही, मोठा शहाणपणा केल्याच्या आविर्भावात ८० लावले. उचलले. पाच वेळा उचलले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री अडीच वाजता डाव्या पोटरीत असा गोळा आला की आम्ही ओरडत पलंगाखाली उतरलो. घरच्यांना वाटले, चोर शिरला. दुसऱ्या दिवशी मांड्या आंबल्या. तिसऱ्या दिवशी कचेरीचा जिना कठड्याला धरून, लहान मूल उतरते तसा एकेक पायरी उतरलो. तेवढ्यावर शहाणे व्हावे की नाही? सातव्या दिवशी "आता अंग मोकळे झाले" म्हणून पुन्हा ८० ला हात घातला आणि कमरेत उसण भरली. पुढचे तीन आठवडे मोर्च्याच्या मागून ऑटोत बसून आम्ही घोषणा दिल्या.

या फजितीनंतर आम्ही वाचू लागलो, डॉक्टरांना विचारू लागलो. त्यात जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आमच्या त्या आठवड्यात तीन निरनिराळी दुखणी होती आणि आपल्या भाषेने त्यांना तीन निरनिराळी नावे आधीच देऊन ठेवली आहेत. अंग आंबणे, गोळा किंवा पेटका येणे आणि लचक किंवा उसण भरणे. माणूस तिन्हींना 'अंग दुखते' म्हणतो आणि तिन्हींवर एकच मालीश करतो, तिथे घोटाळा होतो. तिघांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे.

पहिले आंबणे. न केलेले किंवा विसरलेले श्रम एकदम केले की त्याच वेळी काही वाटत नाही. १२ ते २४ तासांनी दुखू लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठवड्याच्या आत ते जाते. शब्दातच आंबटपणा आहे, आणि गंमत अशी की शास्त्रज्ञांचाही पुष्कळ वर्षे तसाच समज होता. स्नायूत लॅक्टिक आम्ल साठते म्हणून ते दुखते, असे सांगत. पण ते तर मेहनत थांबल्यावर तासाभरात निघून जाते. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर ठेवता येत नाही. खरे कारण स्नायुतंतूंना झालेल्या बारीक इजा आणि त्यांची डागडुजी हे होय. या इजा वजन वर नेताना जितक्या होतात त्यापेक्षा ते खाली आणताना अधिक होतात, कारण उतरवताना स्नायू आवळून धरलेला असतो आणि त्याच वेळी ताणला जात असतो. म्हणूनच टेकडी चढताना धाप लागते, पण मांड्या आंबतात त्या उतरल्यामुळे.

यात एक आनंदाची गोष्ट आहे. थोडी मेहनत करून एकदा थोडे आंबून घेतले की तोच स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाने तितका आंबत नाही. लहानसा पहिला दिवस पुढच्या मोठ्या दिवसांना संरक्षण देतो. आमच्या आखाड्यातल्या वस्तादांनी कोणताही शास्त्रीय ग्रंथ वाचला नव्हता, पण हे त्यांना पक्के ठाऊक होते. पेरणीला किंवा सोंगणीला गावी गेलेला पठ्ठा दोन-चार महिन्यांनी परतला की ते त्याला नाल उचलू देत नसत. म्हणत, "काऊन बे, इतके दिवस कुठं होता? आता आठ दिवस हौद खण. माती मोकळी होते अन् तुही हाडंही मोकळी होतात." हौद खणून झाला की मोजके जोर, मोजक्या बैठका, कुस्ती नंतर. आम्हाला तेव्हा वाटे, म्हातारा फुकट माती खणून घेतो. आज वाटते, त्या वेळी वस्तादांचे पाय धरायला हवे होते.

दुसरे दुखणे गोळ्याचे. स्नायू आपोआप आवळला जातो आणि सुटत नाही, हा पेटका. त्याच्या कारणांचा शोध मजुरांच्या अंगावरच लागत गेला. १९२३ साली इंग्लंडात नेव्हिल मॉस यांनी खोल आणि उष्ण कोळसाखाणींतील मजुरांचा अभ्यास केला. घाम अतोनात जाई, मजूर नुसते पाणी पीत आणि त्यांना भयंकर पेटके येत. पाण्यात थोडे मीठ घालून दिले तेव्हा पेटके आटोक्यात आले. पुढे अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर मोठे धरण बांधताना उन्हाळ्यात मजूर आडवे पडू लागले. १९३२ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या थकवा-प्रयोगशाळेची तुकडी तेथे जाऊन राहिली. पेटके येणाऱ्या मजुरांच्या अंगातले मीठ घामावाटे निघून गेलेले आढळले. ही गोष्ट नागपूरकरांना परकी वाटू नये. २३ मे २०१३ रोजी याच शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

परंतु सगळे पेटके मिठाने जात नाहीत. गार खोलीत, घाम न येताही पेटका येतो, आणि तो साऱ्या अंगात न येता जो स्नायू थकला तिथेच येतो. १९९७ साली दक्षिण आफ्रिकेतील श्वेलनस या वैद्यकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की दमलेल्या स्नायूला मज्जातंतूंकडून मिळणारे 'आवळ' आणि 'सोड' हे दोन हुकूम बिघडतात. आवळण्याचा हुकूम चालू राहतो, सोडण्याचा येत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. व्यवहारापुरते इतके समजावे की उन्हात घाम गाळून येणाऱ्या गोळ्याला मीठपाणी हवे, आणि सवय सुटल्यावर एकदम केलेल्या मेहनतीच्या गोळ्याला मेहनत कमी करणे हवे. आमचा रात्री अडीचचा गोळा दुसऱ्या जातीचा असावा.

गोळा आल्यावर काय करावे? तो स्नायू हळूहळू ताणावा. पोटरीत आला तर गुडघा सरळ करून पायाची बोटे नडगीकडे ओढावीत आणि अर्धा मिनिट तशीच धरावीत. मांडीच्या मागे आला तर टाच टेकवून पाय सरळ करावा. मग हलक्या हाताने चोळावे, पाणी प्यावे आणि त्या दिवसाची मेहनत संपली असे समजावे. गोळा उतरल्याबरोबर पुन्हा त्याच वजनाला भिडणारा पुरुषार्थ कामाचा नाही. आणखी एक सूचना आमच्या वयाच्या मंडळींना. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, मधुमेह असेल आणि वारंवार गोळे येत असतील, तर व्यायामशाळेतल्या मित्राला विचारू नका, डॉक्टरांना विचारा. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

तिसरे दुखणे लचकेचे, आणि तेच सर्वांत महाग. यात स्नायू किंवा त्याला हाडाशी बांधणारी कंडरा खरोखरच ताणली जाते, थोडी फाटते. आंबणे उद्या कळते. लचक त्याच क्षणी कळते. चमक येते आणि माणूस जागच्या जागी थांबतो. थांबला तर शहाणा. पहिले एक-दोन दिवस त्या भागाला विसावा, गार पट्टी, हलका दाब. गरम शेक आणि जोराचे मालीश त्या दिवशी नको. हाड बसवतो म्हणून झटका देणाऱ्याकडे तर मुळीच नको. पण पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहणेही चूक. साध्या उसणीत एक-दोन दिवसांनी दुखेल न दुखेल इतके चालू-फिरू लागावे; तशी कंबर लवकर सुधारते. मात्र पाय लुळा पडू लागला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता मुख्य प्रश्न. नवशिक्यापेक्षा परत आलेल्याला इजा अधिक का व्हावी? आमचे उत्तर असे की नवशिका भितो, आणि परतलेला आठवतो. अंगाचे सगळे भाग सारख्या वेगाने परतत नाहीत. उचलण्याची लकब मज्जातंतू फार विसरत नाहीत. ती दोन-चार दिवसांत परत येते. स्नायूही नव्या माणसापेक्षा लवकर भरतो. ओस्लोचे क्रिस्टियान गुंडरसेन आणि सहकारी यांनी २०१० साली उंदरांवर दाखवले की मेहनतीने स्नायुतंतूत वाढलेली केंद्रके मेहनत सुटल्यावरही टिकून राहतात. पण कंडरांना रक्तपुरवठा कमी. त्या सावकाश सैल होतात आणि त्याहून सावकाश घट्ट होतात. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात स्नायू म्हणतो 'आण वजन', आणि कंडरा म्हणते 'अजून थांब'. स्नायूचा आवाज मोठा असतो, कंडरेचा ऐकू येत नाही. ती बोलते ती एकदाच, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. मीराबाई चानू यांना २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कच्या तिन्ही प्रयत्नांत अपयश आले. २०१७ साली त्या जगज्जेत्या झाल्या. २०१८ साली कंबर दुखावली आणि आशियाई स्पर्धा सोडावी लागली. त्या काळात स्पर्धा सोडणे हीच मेहनत होती. २०२० साली त्या अमेरिकेत सेंट लुईला जाऊन खांदा आणि कंबर यांवर उपचार घेत होत्या. आणि २०२१ साली टोकियोत एकूण २०२ किलो उचलून त्यांनी रौप्यपदक घेतले. आपल्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ साली बर्मिंगहॅमला ५५ किलो गटात २४८ किलोवर होता. सुवर्णपदक गेले २४९ किलोला. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो डोक्यावर नेताना त्याचे कोपर दुखावले होते. पदक घ्यायला तो हात झोळीत घालून उभा राहिला. एवढ्या तयारीच्या माणसाची ही गोष्ट. मग २७ वर्षे खुर्चीत बसलेल्याने ८० किलोला हात घालावा?

तेव्हा परतायचे कसे, ते आता सांगतो. याला गुप्तविद्या लागत नाही. एक वही लागते.

वहीच्या पहिल्या पानावर जुना आकडा लिहावा आणि त्यावर रेघ मारावी. तो आकडा दुसऱ्या माणसाचा आहे. काही महिन्यांचा खंड असेल तर जुन्या वजनाच्या निम्म्याने सुरुवात करावी. वर्षांचा खंड असेल तर रिकाम्या दांड्याने. आठवड्यात तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. अमेरिकेतील शक्तिप्रशिक्षकांच्या दोन संघटनांनी २०१९ साली, सुट्टीनंतर परतलेले खेळाडू पहिल्याच दिवसांत कोसळू लागले म्हणून, एक नियम घालून दिला. दमसासाची मेहनत पहिल्या आठवड्यात नेहमीपेक्षा ५० टक्के कमी, दुसऱ्यात ३० टक्के कमी, तिसऱ्यात २०, चौथ्यात १०. पाचव्या आठवड्यात पूर्ण. वजनाच्या मेहनतीसाठी त्यांनी वेगळा हिशेब दिला आहे, पण मोजून वाढवण्याचे तत्त्व तेच. आमच्या वयाच्या माणसाने याच चढणीला दुप्पट वेळ घ्यावा असे आम्ही अनुभवाने सांगतो.

वजनाला भिडण्यापूर्वी दहा मिनिटे अंग तापवावे. चालणे, हात-खांदे फिरवणे, मोजक्या बैठका, मग जे वजन उचलायचे त्याचीच कृती रिकाम्या दांड्याने, मग थोड्या वजनाने. थंड अंगाने मिनिट-मिनिट ताणून बसण्याने जोर कमीच होतो. ते ताणणे शेवटी करावे. अजून दोनदा उचलता येईल असे वाटत असतानाच थांबावे. वजन खाली आपटू नये, पण पहिल्या दोन आठवड्यांत ते मुद्दाम फार सावकाश उतरवण्याचा हट्टही नको. आंबणे तिथूनच येते. श्वास कोंडून धरू नये, विशेषतः रक्तदाब असेल तर. वेदनाशामक गोळी घेऊन मेहनत करू नये. वेदना हा पहारेकरी आहे. त्याला झोपवून घर सुरक्षित होत नाही, आणि अंगात पाणी कमी असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडालाही अपाय करतात.

पाण्याचे म्हणाल तर तहानेप्रमाणे प्यावे आणि लघवीचा रंग फिकट राहील असे पाहावे. घाम फार गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ताक-मीठ आहे, कैरीचे पन्हे आहे. आपल्या आयाबहिणींना हे शास्त्र कोणी शिकवावे लागले नाही. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे त्यांनी मात्र विचारून घ्यावे. आणि घाम गाळून नुसतेच घागरभर पाणी ढोसणे हेही घातक. रक्तातले मीठ त्याने आणखी पातळ होते.

येथपर्यंत आम्ही व्यायामशाळेत होतो. आता बाजारात येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या टोळीतला एक सोबती सोंगणीसाठी गावी गेला, तिथे तापाने आजारी पडला आणि सहा आठवड्यांनी परत आला. दिवस मे महिन्याचे. त्याने म्हटले, दोन दिवस हलके काम द्या. ज्याच्या हाती काम देणे होते तो म्हणाला, "पूर्ण काम असेल तर ये, नाही तर तुझ्या जागी माणूस तयार आहे." सोबत्याने पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भरली. दुसऱ्या दिवशीही भरली. दोन्ही मांड्या सुजल्या, पायात गोळे आले; सर्वांना वाटले आंबले असेल. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याची बायको आमच्या दारात उभी. "भाऊ, यायची लघवी काळ्या चहासारखी होऊन राहिली. यायले उठता येत नाही."

हे चौथे दुखणे, आणि त्याला आपल्या भाषेत नाव नाही म्हणूनच ते ओळखू येत नाही. फार मेहनतीने, विशेषतः उन्हात आणि खंडानंतर, स्नायू इतके मोडतात की त्यांच्यातला तांबडा पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे तुंबवतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले तेव्हा ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांत बायवॉटर्स आणि बीअल या डॉक्टरांनी १९४१ साली याचे वर्णन केले. ढिगारा अंगावर न पडताही ते होते. खंडानंतर पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारणाऱ्या तरुणालाही होते. खुणा तीन. दुखणे आंबण्यापेक्षा फार अधिक, अंगात त्राण नाही, आणि लघवी काळपट तांबडी. यातली शेवटची खूण दिसली की घरगुती उपाय नाहीत, थेट रुग्णालय. आमचा सोबती वाचला. अकरा दिवस सलाईनवर होता. त्याने पुन्हा पोते मात्र उचलले नाही. आज तो बाजाराबाहेर चहाची टपरी चालवतो. परवा आम्ही त्याला विचारले, या व्याख्यानात तुझी गोष्ट सांगू का? म्हणाला, "सांगा जी भाऊ, पण नाव नका घेऊ, घरचे लोक भेतात."

हे टाळता आले असते काय? आले असते, आणि त्याचा हिशेबही छापील आहे. अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-आरोग्य संस्थेने उष्णतेत काम करणाऱ्यांसाठी सांगितले आहे की कामाचा सराव असलेला माणूस खंडानंतर परतला तर पहिल्या दिवशी ५० टक्के, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम द्यावे. अगदी नव्या माणसाला २० टक्क्यांपासून रोज २० टक्के वाढवावे. हा हिशेब उन्हासाठी आहे. परंतु वस्तादांचा हौद आणि खेळाडूंचा तो चार आठवड्यांचा नियम यांच्याशी ताडून पाहा, तिघे एकच गोष्ट सांगतात. परतणाऱ्याला पायरी हवी.

खेळाडूला ती पायरी लेखी मिळाली. हमालाला का मिळू नये? ओझे तर त्याचे अधिक. व्यायामशाळेत ४० किलो ५० वेळा उचलणारा दिवसात २ टन उचलतो आणि आरशात पाहतो. ५० किलोचे २०० कट्टे वाहणारा १० टन वाहतो आणि आरसा त्याच्याजवळ नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतके ओझे कोणाकडून उचलवू नये असे म्हटले. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ साली हमाल पंचायत उभी केली. शंभर किलोचे पोते पन्नासावर आणा ही मागणी त्या चळवळीने लावून धरली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हे सारे ओझ्याच्या वजनाबद्दल आणि मजुरीबद्दल झाले, आणि ते मोठेच झाले. पण परतणाऱ्या माणसाच्या पहिल्या चार दिवसांबद्दल आपण सगळे गप्प आहोत. आम्हीही गप्प होतो. तो सोबती गावाहून आला त्या दिवशी आम्ही शहरात होतो, कचेरीत होतो, आणि त्याची बाजू घ्यायला फाटकावर गेलो नाही, कारण 'दोन दिवस हलके काम' ही मागणी आम्हाला तेव्हा मागणीच वाटली नाही. ती खंत आमच्या मनातून गेलेली नाही, आणि खरे सांगायचे तर आज इथे उभे राहिलो ते त्यासाठीच.

कोणी म्हणेल, मजुरी नगावर असते. निम्मे काम तर निम्मे पैसे, हमाल पायरी चढेल कशी? आक्षेप खरा आहे. म्हणून आम्ही टोळीत बसून हिशेब मांडला. बारा जणांची टोळी. परतलेल्याने पहिल्या दिवशी निम्मे काम केले, म्हणजे ५० टक्के कमी पडले. दुसऱ्या दिवशी ४०, तिसऱ्या दिवशी २०. एकूण एका माणसाच्या दिवसाच्या कामाच्या ११० टक्के. ते उरलेल्या अकरा जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाच्या कामाचा दहावा भाग, तोही तीन दिवसांत मिळून. आणि मजुरी बारा जणांत सारखीच वाटायची. एका म्हाताऱ्या हमालाने हे ऐकून विचारले, "बस एवढंच? इतक्यासाठी तो पोरगा दवाखान्यात गेला?" आम्ही मान खाली घातली.

तेव्हापासून आमच्या काही टोळ्यांनी 'परतीचे चार दिवस' पाळायला सुरुवात केली आहे. आजारातून उठलेला, गावाहून आलेला, बंदनंतर कामावर आलेला माणूस पहिल्या दिवशी काट्यावर उभा राहतो, पोत्यांची तोंडे शिवतो, थप्पीवर खालच्या रांगेला हात लावतो. पाठीवर थोडे घेतो, रोज वाढवतो. कोणाच्या मेहरबानीने नव्हे, टोळीच्या ठरावाने. उद्या हे मजुरीच्या करारात लिहून घ्यायचे आहे. पाळीच्या ठिकाणी सावली, पाणी आणि मीठ-साखर हेही त्यातच आहे. मालकवर्गाला आमचे इतकेच सांगणे आहे की तुमच्या ट्रकलाही दुरुस्तीनंतर पहिल्याच दिवशी पूर्ण भरून घाटात नेत नाहीत.

आणि इथे बसलेल्या, व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुण मित्रांना विनंती आहे की आपल्या शेजारी नवा परतलेला कोणी वजन उचलत असेल तर त्याला चिडवू नका, 'पूर्वी किती उचलत होता' हे तर मुळीच विचारू नका. त्या एका प्रश्नाने आमची कंबर गेली.

आमचे म्हणाल तर वही चालू आहे. पहिल्या पानावर १०० लिहून त्यावर रेघ मारली आहे. रिकाम्या दांड्याने सुरुवात केली, त्याला दोन वर्षे झाली. आज ६० किलोला पोहोचलो आहोत, आणि या दोन वर्षांत एकदाही उसण भरली नाही. पोरे आता टाळ्या वाजवत नाहीत. युनियनचा हॉल संध्याकाळी सहा ते आठ उघडा असतो. ज्यांना सुटलेली मेहनत पुन्हा धरायची आहे त्यांनी यावे. वही आम्ही देऊ, पेन्सिल आपली आणावी.